पहिले तीन सेकंद

आमच्या साडभावाइतका, म्हणजे साडूइतका, स्वतःच्या गाडीवर जीव टाकणारा आणि त्याच गाडीत बसायला भिणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. गाडी लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि वीस वर्षांची. हिंगण्याच्या कारखान्यात उभा जन्म प्रेस मशीनवर काढलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर ती कुणाकडून तरी जुनी घेतली, आणि तेव्हापासून माझे रविवार गेले.

कारण एकच, टायमिंग चेनचा टेन्शनर. इंजिनाच्या पोटातली साखळी ताणून धरणारा हा अंगठ्याएवढा तुकडा तेलाच्या दाबावर चालतो. तो थकला की साखळी सैल पडते, दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन भंगारात जातं. हे मला पाठ आहे, कारण लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही मी ते ऐकलेलं आहे. गाडी नुसती सावनेरला जाऊन आली तरी साडभाऊ तेल बदलणार. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, करवादल्या तर ते म्हणत, "पोळ्याले बैल धुतेत नं? मंग हे काय वेगळं हाये वं?" नवा टेन्शनर आणून देवघरात ठेवलेला. तो आत्ताच का बसवत नाही, असं मी एकदा विचारून पाहिलं. "चालतं इंजिन उगाच काहून खोलाचं? गार इंजिन, पहिले तीन सेकंद, तेल वर चढेपर्यंत आयकाचं. साखळी वाजली, की त्याच दिवशी खोलाचं!"

म्हणून दर रविवारी सकाळी सातला मी बॉनेटशी हजर. शेजारच्या कुकरची शिट्टी बंद, दूधवाल्याची फटफटी बंद, कुणाच्या तरी पोपटावर फडकं. ताई चावी फिरवायच्या. साडभाऊ लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे. मग प्रश्न यायचा, "काही वाजून राहिलं का गा?" माझं मन तर्रीपोह्यांत. जांभई दाबत मी म्हणायचो, "नाही भाऊ."

गेल्या महिन्यात बॅटरी उतरली होती. ताईंनी चावी फिरवली, इंजिन हूं की चूं करेना. हे मात्र डोळे मिटून तीन सेकंद उभे राहिले आणि नेहमीसारखे म्हणाले, "काही वाजून राहिलं का गा?"

मला हसू आलं. ताईंना नाही आलं. स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "दोन वर्सं झाले, भाऊजी. मशीनच्या आवाजानं कान गेले त्याईचे. कोणाले सांगत नाहीत. म्हणतेत, तुमचे कान हायेत नं."

दोन वर्षं मी "नाही भाऊ" म्हणत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नवी बॅटरी होती. मी वाकलो, श्वास रोखला. डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा खुळखुळाट आला आणि थांबला. "वाजली, भाऊ!" मी ओरडलो. "बंद करा!"

त्याच दिवशी मेकॅनिकने इंजिन खोललं. टेन्शनर पार गेला होता. साखळीने दात सोडला नव्हता, एवढंच नशीब. देवघरातला नवा बसला.

परवा पहिल्यांदाच त्यांनी मला शेजारी बसवून गाडी पारशिवनीच्या रस्त्याला काढली. स्वारी लहान मुलासारखी खूष होती. "तुह्या कानानं वाचली गा गाडी," ते म्हणाले. अख्ख्या गल्लीलाही त्यांनी तेच सांगितलंय. त्याआधी साखळी किती रविवार वाजत होती, ते मलाच ठाऊक नाही. मी काच खाली केली आणि पारशिवनी येईपर्यंत ऐकत बसलो.