ट्रॉलीवर बोट लागली

समुद्रापासून घाटभर लांब असलेल्या कोल्हापुरात, होडीत पाऊलही न टाकता, माणसाला बोट लागू शकते का? 'काहीतरीच काय' म्हणणार असाल तर थांबा. मी लागताना पाहिली आहे. शिरोली एमआयडीसीत, भर दुपारी, एका कारखानदाराला.

"मॅडम, सही करा आणि च्या घ्या," आण्णा म्हणाले.

"सही होणार नाही."

"मग नुस्ता च्या घ्या. सही मागनं करा."

आण्णा फाउंड्रीचे मालक. साखर कारखान्यात ऊस पिळणारे अवजड लोखंडी रोलर त्यांच्याकडे ओतले जात. त्यातला एक जुलै महिन्यात मॉरिशसला निघाला होता. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी राजारामपुरीतल्या एका सर्व्हे ऑफिसात नवीन लागले होते. काम असं की जहाजावर जाणारा अवजड माल नीट बांधला आहे का ते बघायचं आणि सर्टिफिकेटवर सही करायची. या बांधणीला लॅशिंग म्हणतात. सर्टिफिकेटशिवाय जहाज माल घेत नाही.

रोलर फ्लॅट रॅकवर ठेवला होता. फ्लॅट रॅक म्हणजे बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेला कंटेनर. तो जहाजाच्या उघड्या डेकवर जाणार होता. रोलर ही वस्तू मुळात लोळण्यासाठीच जन्माला येते. तिला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकून चारही कोपऱ्यांतून साखळ्यांनी ताणून धरावं लागतं. आण्णांनी तिला एक नायलॉनचा दोर मारला होता. उसाच्या ट्रॉलीला मारतात तसा. वर गाठीला लिंबू-मिरची.

"हा दोर समुद्रात टिकायचा नाही," मी म्हणाले.

"कुठल्या समुद्रात? अवो, समुद्राचा ऑफ-सीझन हाय!"

आण्णांनी शिपिंग कंपनीचा फॅक्स माझ्यापुढे नाचवला. त्यात लिहिलं होतं, दक्षिण हिंद महासागरात चक्रीवादळांचा ऑफ-सीझन असून मार्गावर वादळ अपेक्षित नाही. आण्णांनी त्यातला एकच शब्द उचलला होता. आणि कोल्हापुरात त्या शब्दाचा अर्थ एकच. सीझन म्हणजे उसाचं गळीत. ऑफ-सीझन म्हणजे कारखाना बंद, भोंगा बंद, यंत्रं उघडून ठेवलेली, कामगार सावलीला आडवे.

"म्हंजे समुद्र सध्या बंद हाय," आण्णांनी खुलासा केला. "ओव्हरहॉलिंगला."

मी समजावून सांगितलं. मॉरिशसच्या बाजूला चक्रीवादळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल येतात. जुलैत ती नसतात, एवढंच त्या फॅक्सचं म्हणणं. पण मुंबईतून निघालं की आधी आपला पावसाळी अरबी समुद्र लागतो. विषुववृत्त ओलांडलं की आग्नेयेचा वारा लागतो, तो तर याच महिन्यांत जोरात असतो. शिवाय स्वेल. स्वेल म्हणजे लांबच्या वादळानं उठवलेल्या लाटा. वादळ पार दक्षिणेला, लाटा इथे.

"वादळ तिकडं आणि लाटा हिकडं? कायतरीच की."

"आण्णा, परवा कोल्हापुरात ऊन होतं की नाही?"

"व्हय, होतं की."

"आणि पंचगंगा पात्राबाहेर. मग पाऊस कुठे पडला?"

"राधानगरीला." आण्णांनी फॅक्सची घडी घातली. मला वाटलं, जिंकले. "पर ते पाणी हाय, मॅडम. ह्यो रोलर हाय. रोलर वाहून जात न्हाय."

एवढ्यात आमच्या सर्व्हे ऑफिसचे मालक देसाई सर यांचा फोन आला. आण्णांनीच करवला होता.

"सही का अडवलीस?"

"सर, बांधणी चुकीची आहे. डेकवर खलाशी फिरतात. रोलर सुटला तर माणूस चिरडेल."

"हे बघ, आण्णा जुने क्लायंट आहेत. मॉरिशसच्या कारखान्याचं गळीत चालू आहे, त्यांना रोलर हवाय. ट्रेलर संध्याकाळी निघणार. तोपर्यंत सही झाली नाही तर उद्या ऑफिसला येऊ नकोस."

माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. आमच्या घरात रद्दी नसायची, निषेध असायचा. मी त्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. 'कष्टकऱ्याच्या जिवाची किंमत शून्य समजणाऱ्या व्यवस्थेचा निषेध असो' हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. त्या खलाशांची नावं मला माहीत नव्हती. माहीत असायची गरजही नव्हती. मी फोन ठेवला आणि रोलरसमोर चक्क ठिय्या मारला. खाली ओतकामाची काळी वाळू होती. साडी पांढरी होती. तत्त्वाला धुलाई लागतेच.

"अवो उठा की," आण्णा वैतागले. "ह्याच दोरावर आमचा ऊस कागलपातूर जातो. एक टिपरू पडत न्हाय. ह्या दोरानं बांधून ट्रॉलीवर माणूस बसवा, हलला तर माझं नाव बदला. ए शिवाप्पा! बस रं ट्रॉलीत!"

शिवाप्पा त्यांचा ट्रॅक्टरवाला, सीमेकडच्या गावचा. तो बिचारा निघालाच.

मी ताडकन उठले. "कामगार बसणार नाही. दोर मालकाचा, खात्री मालकाची. बसायचं मालकानं."

फाउंड्रीतलं काम थांबलं. सगळे बघू लागले. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. कोल्हापुरी माणसाला चारचौघांत 'होत नसेल तर राहू द्या' म्हटलं की पुढचं आपोआप होतं. मी तेवढंच म्हणाले.

आण्णांची केबिनमधली गोल फिरणारी खुर्ची आली. चाकांची, नवीकोरी, अजून प्लॅस्टिक न काढलेली. ती ट्रॉलीत ठेवून त्याच दोरानं त्यांच्याच पद्धतीनं बांधली. एक वेढा, एक गाठ. आण्णांनी स्वतः लिंबू-मिरची लावली आणि बसले.

"शिवाप्पा, जाऊ दे! मागच्या रस्त्यानं!"

"अगदी हळू घ्या," मी शिवाप्पाला बजावलं. मला आण्णांची खोड मोडायची होती, हाड नव्हे.

मागचा रस्ता म्हणजे ट्रकनी खणलेले खड्डे आणि त्यांत पावसाचं पाणी. पहिल्या खड्ड्यात ट्रॉलीचं तोंड खाली गेलं आणि वर आलं.

"याला पिचिंग म्हणतात!" मी शेजारून चालत ओरडले.

दुसऱ्यात ट्रॉली डावीकडे कलली, मग उजवीकडे. "हे रोलिंग!"

"गप बसा की ओ!"

तिसऱ्या खड्ड्याला दोर ढिला पडला. खुर्चीची चाकं मोकळी झाली. आण्णा स्वतःभोवती फिरत ट्रॉलीच्या या फळीवरून त्या फळीवर जाऊ लागले. तोंड कधी कोल्हापूरकडे, कधी पुण्याकडे. दर फेरीला हाकेचा एकेक तुकडा ऐकू येई.

"शिवा... प्पा... थां... बीव!"

"आण्णा, गच्च धरा!" शिवाप्पा म्हणाला.

"कशाला धरू? समदंच फिरतंय!"

ट्रॅक्टर थांबला. आण्णा शांतपणे खाली उतरले, बाभळीच्या बुंध्याला धरलं आणि दुपारचा तांबडा रस्सा परत केला. मग तिथेच बसले. चेहरा पालकाच्या भाजीसारखा हिरवा.

"मॅडम," ते तोंड पुसत म्हणाले, "जहाजावर खड्डं किती असत्यात?"

"आण्णा, तिथे रस्ताच नसतो. सगळे खड्डेच. आणि ते जागा बदलतात."

आण्णांनी हात वर केला. "शिवाप्पा, साखळ्या आण. ठोकळं पण. मॅडम म्हणत्यात तितक्या."

साखळ्या आल्या. त्या पिळून ताणायचे टर्नबकल आण्णांनी स्वतः आवळले, दात-ओठ खाऊन, जणू त्यांचा त्या खुर्चीवरच राग होता. संध्याकाळी मी सही केली. ट्रेलर निघाला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. देसाई सरांनी पुढच्या कामाची फाइल हातात दिली, कारण आण्णांनी त्यांना सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "पोरगी कडक हाय. हिला काढलं तर आमचं काम विसरा."

रोलर मॉरिशसला पोचला. जहाजावरून निरोप आला की वाटेत समुद्र फार खवळलेला होता, शेजारच्या एका पेटीनं डेकवर फेरफटका मारला, पण रोलर जागचा हलला नाही आणि कुणालाही इजा झाली नाही. आण्णांनी केबिनमध्ये चार पायांची लाकडी खुर्ची आणली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत, "आमाला समुद्राचा अनुभव हाय."

मला त्यातून एवढंच कळलं की समुद्राला आपला हंगाम ठाऊक नसतो, आणि मालक स्वतः ट्रॉलीत बसेपर्यंत दोर भक्कमच असतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या कामावर कुणी 'आता ऑफ-सीझन आहे, काही होत नाही' म्हणून सही मागितली, तर आधी विचारा, कशाचा ऑफ-सीझन? उत्तर पटलं नाही तर पेन खिशात ठेवा. आणि तरीही हट्ट धरला, तर त्यांना खुर्ची द्या. चाकांची.