दिवाळीपर्यंत पाहू

"सून एम.कॉम. आहे वं, पण कोणी बोलावूनच नाही राहिलं तिले. दिवाळीपर्यंत पाहू, नाही तं जरीपटक्याच्या बाजारात भाऊच्या साडीच्या दुकानात देऊ बसवून!"

सासूबाई फोनवर मावशींशी बोलत होत्या. मी दाराआड, हातात कोथिंबीर. ऐकलं आणि तशीच मागे फिरले.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. लग्न झाल्यापासून मी रोज अर्ज करते आहे. नोकरी नाही मिळत, किस्से तेवढे साचत जातात.

*

पहिला सल्ला मिळाला, "नोकरीच्या साइटवर प्रोफाइलला चांगला फोटो लाव." आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नातला निवडला. नथ, शेला, सगळं. "यात तू उठून दिसून राहिली!"

नवऱ्याने स्वतःला कापून टाकलं, तरी माझ्या खांद्यावर त्याची चार बोटं उरलीच.

फोटो लावला आणि खरंच एक मेसेज आला! धावत उघडला.

"मॅडम, मेकअप कोणाचा?"

*

मग मी 'नोकरीच्या शोधात आहे' अशी रीतसर पोस्ट टाकली. खाली पहिली कमेंट सासऱ्यांची: "आमची सून फार गुणी आहे. भाजीही छान करते."

तीन लाइक आले. एक नवऱ्याचा, एक बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचाच. तिसरा कोणाचा म्हणून आशेने पाहिलं, तर तोही बाबांचाच! पहिला लाइक दिल्यावर पासवर्ड विसरले, म्हणून नवं अकाउंट काढलं होतं.

*

सदर भागात नोकरी लावून देणारे एक प्लेसमेंटवाले आहेत. तिथे रिसेप्शनला माझ्याच कॉलेजची ज्युनियर निघाली. मला बघून खूश झाली. "ताई, तुमचा रेझ्युमे मी सगळ्यात वर ठेवते!"

मी हळूच विचारलं, "मग साहेब आधी माझाच बघतील ना?"

"नाही ना ताई. संध्याकाळी गठ्ठा पालथा घालून कपाटात टाकतात."

निघताना तिने माझा हात धरला. "मीपण इथे नोकरीच शोधायला आले होते. त्यांनी मलेच बसवून ठेवलं. तुमचं कुठं जमलं तर मले सांगा हं."

*

एकदा चक्क एका एचआरबाईंचा फोन आला. डिग्रीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. बाई वैतागल्या.

"ही दोन नावं आलीत. यातल्या तुम्ही कोण?"

"दोन्ही मीच, मॅडम."

"सॉरी, पोस्ट एकच आहे."

आणि फोन ठेवला! त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांत रडून घेतलं. या घरात आवाज झाकायला तेवढीच सोय आहे.

*

मागच्या आठवड्यात मात्र विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू ठरला. अकाउंट्समध्ये ट्रेनी. नेट फक्त हॉलमध्ये नीट चालतं, म्हणून मी सोफ्यावर. लॅपटॉपच्या मागे, डायनिंग टेबलाशी आई-बाबा, श्वास रोखून.

जीएसटी झालं, टॅली झालं. सर खूश दिसले. म्हणाले, "महिनाअखेरीला नाइट शिफ्ट असते. चालेल?"

मी तोंड उघडायच्या आत लॅपटॉपमागून आवाज, "नाइट कायले? दिवसा नाही होत का हिशेब?"

सर दचकले. "कोण बोलतंय?"

"मी सासरे." बाबा माझ्या शेजारी येऊन बसलेसुद्धा! "नमस्कार."

"नमस्कार सर. कंपनीची गाडी असते. घरापर्यंत सोडते."

"गाडीत अजून कोण राहते?"

"गार्ड असतो, सर."

"अन् बाईमाणूस?" हे आईंचं, टेबलापासून.

"बघतो मॅडम, करू काहीतरी."

"मग अकरापर्यंत ठीक आहे," बाबा म्हणाले.

"अकरा अवघड आहे, सर. दोन तरी करा."

"बारा. त्याच्यावर नाही."

"एक! फायनल करू, सर?"

बाबांनी मान उंचावून आईंकडे पाहिलं. सर बाबांकडे बघत होते. स्क्रीनच्या मधोमध माझा चेहरा होता.

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"सर, बाबा, रात्र मी जागणार आहे. मला विचारा!"