पशुसंवर्धनाचं कपाट

सातवीनंतर माझी शाळा सुटली. रत्नागिरीकडचा मी, नगरजवळच्या एका शेतकी कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई म्हणून लागलो. दुष्काळाचा काळ. आमचे ग्रंथपाल सर म्हणायचे, "नंबर बघून पुस्तकं लावणारे खूप मिळतील. मला विषय कळणारी माणसं पाहिजेत." त्यांनी प्रत्येक शिपायाला एकेका विषयाचं कपाट नेमून दिलं. माझ्या वाट्याला पशुसंवर्धन आलं. रोज सकाळी त्या विषयाच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं, आणि सत्र संपलं की विषयाचे प्राध्यापक परीक्षा घेणार. जमलं तर नोकरी कायम, नाही तर गावची वाट.

आधीच बाजरीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, त्यात ही धास्ती. तासाला निम्मं इंग्रजी. सरांना म्हटलं, "मला झाडलोटच द्या."

"घोडेगावला जा," ते म्हणाले. "जनावरांच्या बाजारात दिवसभर उभा राहा."

तिथं एका व्यापाऱ्याला मी विचारलं, "चांगला बैल कुठला?"

"पावनं, आदी काम सांगा. गाडीला पायजे का औताला? का नुस्तं बघाया आलाय?"

शेजारचा म्हणाला, "कोकनातला दिसतोय. म्हशीलाबी बैल म्हनंल."

सगळे हसले. मीही हसलो, पण लक्ष जनावरांकडे होतं. पोटं खपाटीला गेलेली. कडबा कुणाकडेच नव्हता, पुढ्यात उसाचं वाढं, म्हणजे तोडलेले हिरवे शेंडे, टाकलेलं.

परीक्षेच्या दिवशी प्राध्यापक काउंटरवर येऊन एवढंच म्हणाले, "चाऱ्यावरचं काहीतरी द्या."

चाऱ्यावरची पुस्तकं माझ्या कपाटात ओळीनं होती. हात तिकडे गेला आणि थांबला. "सर, दुभत्या जनावरांसाठी का दुष्काळी छावणीतल्या?"

ते त्रासले. "छावणीतल्या. दूध कसलं, जगवायची पंचाईत आहे."

मी उसाच्या कपाटाकडे वळलो. ते ज्याच्याकडे होतं तो शिपाई आडवा आला. "हितं काय काम तुझं?" त्याच्या बगलेतून हात घालून मी वाढ्यावरची पातळ पुस्तिका काढली. प्राध्यापकांनी ती उभ्याउभ्या चाळली, सही केली आणि नेली.

दिवसभर निकाल कळला नाही. मी माझं कपाट पुन्हा पुन्हा पुसत राहिलो. संध्याकाळी ग्रंथपाल सरांनी त्याची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

"राहा आता. आणि उद्यापासून उसाच्या तासालाही बसत जा."

त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्या वेळी किल्ली मुठीत धरून मी विचारलं ते एवढंच, "सर, उसाची परीक्षा कधी?"