अर्धे राहिलेले गाऱ्हाणे

श्री. अनंतराव गवस सरांचा आणि माझा परिचय गोव्यात मराठी की कोंकणी हा राजभाषेचा वाद ऐन भरात होता त्या दिवसांत झाला. डिचोलीच्या वाचनालयात परदेशांतील प्राचीन अवशेषांवर त्यांचे सचित्र व्याख्यान होते. सर उभे राहताच मागून कोणीतरी ओरडले, "भाशण खंयचे भाशेंत?" सर शांतपणे म्हणाले, "भाशण मराठींत, चाय कोंकणींत. आतां बसा." हशा पिकला आणि वाद दाराबाहेर राहिला.

त्या संध्याकाळी पडद्यावर जावा बेटावरील बोरोबुदुर स्तूपाचे एक शिल्प उमटले: शिडे उभारलेले दगडी गलबत. माझी पत्नी इंदुमती वास्कोची. तिचे वडील बंदरात कामाला होते आणि तिचे बालपण जहाजे पाहण्यात गेले होते. लग्नानंतर ती आमच्या लाटंबार्श्याच्या भातशेतीत व काजूबागेत रमली, परंतु समुद्राची ओढ सुटली नाही. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "म्हाका तें गलबत लागींच्यान पळोवंक जाय." ते तिला जवळून पाहायचे होते.

सर शाळेत इतिहास शिकवीत आणि सुटीत परिचित मंडळींना घेऊन परदेशी प्राचीन स्थळे पाहण्यास जात. त्यांचे जन्मगाव पेडण्यातील इब्रामपूर. तेथे देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे सर्वांच्या वतीने विनवणी, घातल्याखेरीज कोणतेही कार्य सुरू होत नाही. एकाने बोलायचे, जमलेल्यांनी हुंकार द्यायचा. हुंकाराशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही. हीच रीत सर परक्या भूमीवरही पाळीत.

गोवा घटक राज्य झाल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्यासमवेत इजिप्तला गेलो. कर्नाकच्या मंदिराच्या दारात सरांनी पायांतील वहाणा काढल्या, नारळ पुढे धरला आणि खड्या आवाजात म्हटले, "बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! आमी गोंयची लेकरां तुझ्या दारात इलांव. खंय चूक झाली तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा हुंकार इंदुमतीचा होता. मी संकोचाने ओठांतल्या ओठांत पुटपुटलो. पहारेकऱ्याने नारळ मात्र फोडू दिला नाही. त्यावर इंदुमती म्हणाली, "सर, देवाक नाका जाल्यार म्हाका दियात, हुमणाक घालतां!" देवाचा नारळ माशांच्या आमटीत जाणार म्हणून सर पोट धरून हसले.

त्याच प्रवासात आमच्यापैकी एकाने आठवण म्हणून खापराचा तुकडा खिशात घातला. सरांनी तो परत ठेवावयास लावला. "आमच्या देवळातलो फातर कोणी असो नेलो तर तू गप ऱ्हवशीत?" इतकेच ते म्हणाले. प्रवासभर त्यांनी त्या गृहस्थांना पुन्हा टोचले नाही.

पुढील प्रवास जावा बेटाचा ठरला. इंदुमतीने सर्वांत आधी नाव दिले. परंतु प्रस्थानापूर्वीच तिला असाध्य आजाराने गाठले आणि ती गेली. मी घरीच राहिलो. परतल्यावर सर सामान घरी टाकून थेट लाटंबार्श्याला आले आणि ओसरीवर माझ्याजवळ बसले.

"भाऊसायब, गलबत बघितलां. थंयच उभो ऱ्हावन गाऱ्हाणां घातलां. म्हटलां, वास्कोचा इंदुमती नावाचा एक चेडू तुका बघूक येवचा होता, तेका वाट दाखय रे म्हाराजा."

मी विचारले, "मग?"

"मग कोणाच्याच तोंडातसून हुंकार येना." ते पुढे म्हणाले, "गाऱ्हाणां अर्दां ऱ्हवलां. तां पुरां करूक तुमका येवक होया."

सांत्वनाचे पुष्कळ शब्द त्या दिवसांत कानांवरून गेले. सरांनी मला सांत्वन दिले नाही, काम दिले. त्यानंतर भेटीत त्यांनी एकदाही घाई केली नाही, निरोप घेताना फक्त म्हणत, "गाऱ्हाण्याचो नारळ माझ्याकडे आसा हां." आजही रिकाम्या घरात शिरताना तिने हाक मारावी असे वाटते, आणि हाक येत नाही तेव्हा सरांचे हे वाक्य मला आधार देते.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्या स्नेहीजनांसमोर मी नम्रपणे नमूद करतो की, माझे नवे पारपत्र आता तयार आहे. ग्रामदेवता आणि आजवर ज्यांच्या दारांत सर अनवाणी उभे राहिले ते सारे राखणदार त्यांना निरोगी, उदंड आयुष्य देवोत. त्यांचे पाय चालते राहोत आणि आवाज खडा राहो. येत्या हिवाळ्यात त्या दगडी गलबतासमोर ते पुन्हा गाऱ्हाणे घालतील. या वेळी हुंकार मी देईन, तिच्यासारखा, मोठ्याने.