ताईचा डोळा, मायचा मासा

काल दुपारी माझी बहीण मेली.

‘देवाज्ञा झाली’ असं लिहायचं नाही, हे तिनंच बजावून ठेवलं होतं. कॅन्सर होता, वाढला, ती गेली. बस.

तुम्ही बहुतेक सगळे मला मोहर्लीच्या जंगल सफारी गेटवरचा गाइड म्हणून ओळखता. ताईला ओळखणारे इथं कमी. ती सायंटिस्ट होती. हैदराबादला तिची लॅब होती. पोटातल्या बाळाचा डोळा कसा बनतो आणि कधीकधी तो अर्धवट का राहतो, हे एकच काम तिनं आयुष्यभर केलं.

बाबा म्हणायचे, "आपण ढीवर, मासे धरणारे. पोरगी शिकून मास्तरीण होईन म्हटलं, तं थेबी मासेच पाळून राह्यली."

खरंच होतं ते. झेब्राफिश नावाचे इवलेसे मासे. त्यांचं अंडं आरपार दिसतं, म्हणून आत डोळा बनताना बघता येतो.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो, कारण पेपरात ते येणार नाही.

ताईच्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नव्हती. खालून चिरल्यासारखी होती, कुलपाच्या भोकासारखी. जन्मापासून.

आणि गावानं त्याचं कारण तिच्या जन्माच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

मायचे दिवस भरत आले होते तेव्हा ग्रहण लागलं. ग्रहणात गरोदर बाईनं विळीला हात लावायचा नाही, काही कापायचं नाही, आतल्या खोलीत बसून राहायचं. बाबांनी तलावावरून मासे आणले होते. मायला भूक लागली. तिनं एक मासा कापला.

झालं! पोरीचा डोळा मायनंच चिरला.

तेव्हापासून गावात कुणाच्या ओटीभरणाला मायला बोलावणं नाही. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, फक्त निरोप यायचा नाही. आणि आमच्या ढिवराच्या घरात मासे कापायला बाबा बसायचे. मायनं विळी सोडली ती सोडलीच.

मला त्या लोकांचा अजून राग येतो. खोटं कशाला बोलू.

ताई नागपूरला एमएस्सी करत होती तेव्हा सुट्टीत पुस्तक घेऊन आली. चित्र दाखवून मायला म्हणाली,

"हे पाह्य माय, पोटात डोळा वाटीसारखा बनते. खालून एक फट राह्यते. थे दुसऱ्या महिन्यातच शिवल्यासारखी बंद होते. माही झाली नाई. तू मासा कापला तेव्हा माहा डोळा कवाचाच बनून झाला होता."

मायनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग कशानं नाई झाली बंद?"

ते तेव्हा कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"तं मंग माह्यानंच," असं म्हणून माय भात उतरवायला उठली.

मॅडम या फील्डमध्ये कशा आल्या, असं लोक विचारायचे. अशा आल्या.

मग पीएचडी, परदेश, परत हैदराबाद. माशात एकेक जीन बिघडवायचा आणि फट बंद होते का बघायचं. बहुतेक वेळा व्हायचीच. "आजबी काई नाई, गजू," एवढाच फोन. मी म्हणायचो, आमचा वाघ तरी कधीमधी दिसते वं.

मध्ये एकदा ती आम्हा सगळ्यांचं रक्त घेऊन गेली. बाबा तेव्हा होते. ते गेले, आणि त्यानंतर कितीतरी उशिरा रिझल्ट आला. माशात एक जीन बिघडवला की फट उघडीच राहत होती. तोच बिघाड ताईच्या रक्तात निघाला.

मी फोनवर आनंदानं ओरडलोच. ती म्हणाली,

"मायकडून आला, गजू. तिच्या डोळ्याले काई झालं नाई, असं होते कधीकधी. पण आला तिच्याकडूनच."

म्हणजे माय परत ‘माह्यानंच’ म्हणणार.

"बाबाकडून आला म्हणून सांग," मी म्हटलं. "बाबा काई उठून येत नाई विचाराले."

"मी रिझल्ट बदलवत नाई."

"अवं पण तिचं काय होईन?"

तिनं फोन ठेवला. त्या दिवाळीला घरी आलीच नाही. आली तेव्हा मायला अंगणात बसवलं आणि सांगितलं. मोठमोठ्या हॉलमध्ये भाषणं देणारी बाई, पण दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली.

"म्हंजे मासा कापल्यानं नाई?" मायनं विचारलं.

"नाई. पण माय, तुह्या रक्तातून..."

"रक्तातून आलं तं आलं. थे का म्या केलं?"

"नाई."

"मंग काऊन भेव दाखवून राह्यली मले?"

आणि माय रडायला लागली. ताईपण. मी बाहेर निघून गेलो, मला ते बघवत नाही.

मासे कापायला माय त्यानंतरही बसली नाही. सवय मोडली म्हणाली.

आज सकाळी ताईला गावी आणलं. अंगण बायांनी भरलं होतं. शेजारची म्हातारी मायचा हात धरून म्हणाली, "जाऊ दे बाई, तुह्या हातून तेव्हा झालं थे झालं. पोरीनं नाव तं काढलं."

मायनं हात सोडवून घेतला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलली.

"माह्या हातून काईच नाई झालं. पोरगी माह्यावर गेली होती."

ताई, नीट जा. तुझ्या भावाचा शेवटचा नमस्कार.