धाब्याखालचा खड्डा

आमच्या शेजारचे मामा कुणाशीही बोलण्याआधी एकदा वर बघायचे. नवख्याला वाटे, देवाला साक्ष ठेवताहेत. ते डोक्यावरचं धाबं बघत असत. माती कुठून गळते, कुठली तुळई वाकली, हे पाहून झालं की म्हणायचे, "बोला की बाई."

सोलापुरात आम्ही एकाच मालकाच्या खोल्यांच्या ओळीत भाड्याने राहायचो, सगळ्या खोल्यांवर सलग मातीचं धाबं. बाकीच्या बिऱ्हाडांतली माणसं गिरणीत जायची. खड्डामाग एकट्या मामांचा उरला होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर लुगडी विणत. काठावर बसून त्यांची बायको सुताच्या कांड्या भरायची. ती गेल्यावरही तेवढी जागा ते सारवून मोकळी ठेवत. मायबोली तेलुगू, पण घरात ती बोलायला कुणी राहिलं नव्हतं. मागाचा धोटा अडकला की त्यालाच तेलुगूत शिव्या मिळत. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल.

पावसाआधी धाब्यावर नवी माती घालणं मालकाचं काम. त्याने ते सोडूनच दिलं होतं. सांगायला गेलं की म्हणायचा, जमत नसेल तर खोली सोडा. मामा स्वतः माती घालायला निघाले, तर माझ्या धाब्यावर चढायचं नाही असा मालकाचा निरोप आला. शेवटी सगळे माझ्या ओट्यावर जमले. मी शाळेत शिकवते, म्हणून मला चार गोष्टी कळतात असा त्यांचा समज. ठरलं ते असं: भाडं बुडवायचं नाही आणि मालकाला द्यायचंही नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ठेवायचं. धाबं कर आणि उचल म्हणावं. पहिलं भाडं मामांनी नेऊन ठेवलं.

"एक जरी फुटला तर समदे बुडतेत की," म्हणाले.

मालक काही दिवस धुसफुसला आणि कबूल झाला. अट एकच: खड्डा बुजवायचा. त्याच्या ओलीने भिंत खचते, म्हणे.

त्या संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं मामांच्या दारात येऊन बसली. जो तो पावसाचंच बोलत राहिला. शेजारणीचं तान्हं खोकत होतं. मग मीच म्हटलं, "मामा, खड्डा दुसरीकडेही खणता येतो."

त्यांनी वर पाहिलं, मग खाली.

"खणता येतंय की बाई. काठावर कोण बसणार?"

मग शेजारणीकडे वळून म्हणाले, "लेकरू भिजंल तुजं. उद्या बुजवतो."

मदतीला गेलेल्यांना त्यांनी परत पाठवलं.

त्या पावसाळ्यात थेंब गळला नाही. मामा भिंतीला टेकून बसलेले असत, हात रिकामे. वर बघण्याची सवय सुटली. आता बोलण्याआधी ते खाली बघायचे. दिवाळीनंतर मागाची लाकडं बैलगाडीत घालून निजामाच्या मुलखात भाचीकडे गेले. पुन्हा काही कळलं नाही.

त्या खोलीत आता एक तरुण जोडपं राहतं. दर पावसाळ्यात बुजवलेली माती बसते आणि जमिनीत चौकोनी खळगा पडतो. त्यातली बायको भर घालते, खळगा पुन्हा पडतो. मालकाला सांगून सांगून थकले, असं ती परवा म्हणाली. भाडं वाण्याकडे ठेवायचा उपाय सांगायला मी आज आत गेले. ती खळग्यात पाय सोडून काठावर भाजी निवडत बसली होती, मामांच्या बायकोच्याच जागी.

"काय काम होतं बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. "भाजी निवड."