पडद्यावरचं नारळपाणी

नाटकाआधी रंगमंचावर नारळ फोडायचा मान मराठी मंडळाने मला दिला, आणि मी तो इतक्या जोमाने फोडला की पाणी थेट मागच्या रंगवलेल्या पडद्यावर उडालं. पडद्यावरच्या घराची भिंत ओघळायला लागली.

तो पडदा इथल्या, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी रंगवला होता. युक्रेनमध्ये त्यांनी आयुष्यभर नाटकांचे सेट केले. युद्धात त्यांचं थिएटर जळलं, आणि ते इथे लेकीकडे आले. ‘हा शेवटचा,’ असं म्हणून कालच त्यांनी ब्रशचा डबा नाटकाचा मेकअप करणाऱ्या माझ्या बायकोला देऊन टाकला होता. तो तिच्या मेकअपच्या सामानात पडून होता.

मी नुसता सॉरी सॉरी करत राहिलो. आजोबांनी ओल्या भिंतीला बोट लावून विचारलं,

“हे पाणी कशासाठी?”

“नाटक निर्विघ्न पार पडावं म्हणून,” बायको म्हणाली.

“आमच्या थिएटरसाठी कुणी नारळ फोडला नाही,” ते हळूच म्हणाले, आणि डब्यासाठी हात पुढे केला.

नाटक सुरू होईपर्यंत ते भिंत रंगवत होते. जाताना डबा काखोटीला मारून घेऊन गेले.

गाडीत मी अजून ओशाळलेलाच. बायको म्हणाली, “पुढच्या वर्षीही नारळ तूच फोड. असाच, वेंधळ्यासारखा.”